सत्यवानाने एकदाच सांगितलेलं गाऱ्हाणं

कट्टा, ता. मालवण
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय परशुराम,

चिरंजीव लिहिणार होते, पण सत्तरीला टेकलेल्या माणसाला चिरंजीव म्हणताना माझं मलाच हसू आलं. तरी आशीर्वाद घे. मी अजून तुझी थोरलीच आहे.

इकडे सगळे बरे आहेत. काजूला यंदा बोंडं चांगली धरलीत, हापूसचा पहिला मोहोर मात्र गळून गेला. माझा गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात चाला, गुडघा म्हणतो बसा, आणि मी दोघांचं थोडं थोडं ऐकते. तुझी शुगर कशी आहे? आंबे लागले की पेटी पाठवीन, पण एका वेळी अर्धाच खा.

आता पत्र का, ते सांगते. फोनवर रसिकाचं नाव काढलं की तुझ्याकडे लगेच रेंज जाते. आयुष्य आगबोटीवर काढलंस, भर समुद्रातून तुझा आवाज यायचा, आणि आता मुंबईत बसून रेंज जाते! पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी ते टेबलावरून तुझ्याकडे बघत राहील. तुझ्या लेकीचं एक काम तुझ्या होकारावर अडलंय. कसला होकार, ते सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे. तेवढं वाचत राहा.

दिवाळीनंतर भातकापणी आटोपली आणि रसिका इथे आली. बरोबर चारच माणसं. कॅमेऱ्यावर पुण्याचा देवेश, आवाज घेणारी प्राजक्ता, आणखी दोघं. मला वाटलं होतं, सिनेमा म्हणजे ट्रकभर सामान आणि छत्रीखाली बसलेला निर्माता. निर्माता कुठाय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही गं आत्या कोणी. आम्हीच." रापणीचं जाळं ओढताना किनाऱ्यावरचा जो येईल तो दोरीला हात लावतो, तसं चाललं होतं त्यांचं. देवेश कॅमेरा ठेवून भांडी घासायचा. प्राजक्ता माझ्या विहिरीचं पाणी काढता काढता रहाटाचा आवाज टिपून घ्यायची. मलाही कामाला लावलं. मी शेजारीण झाले. एक वाक्य होतं मला, आणि ते मी अकरा वेळा चुकले. उभा जन्म शाळेत मुलांना पाठांतर न आल्याबद्दल उभं केलं, ते सगळे आठवले.

रसिका चिडली नाही. प्रत्येक वेळी जवळ यायची, माझा पदर नीट करायची आणि कानात सांगायची, "आत्या, वाक्य विसर. समोर माझी आई उभी आहे असं समज, आणि तिला जे सांगायचंय ते सांग."

परशुराम, समोर तिची आई उभीच होती रे.

हा सिनेमा तिच्या आईवर, आपल्या सुभद्रेवर आहे, हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं. नवरा बोटीवर गेलेल्या बाईची गोष्ट. सुभद्रेचं काम रसिका स्वतः करते. आधी डोळा बारीक करून कॅमेऱ्यातून बघायची, देवेशला काही सांगायची, ऊन सरकलं म्हणून घंगाळ दोन हात पलीकडे ठेवायला लावायची. मग लुगड्याचा ओचा खोचून चौकटीत शिरायची, आणि तिथे रसिका नसायचीच. घागर उचलताना सुभद्रा पदराचं टोक दातांत धरायची, आठवतं? सुभद्रा गेली तेव्हा पोर जेमतेम शाळेत जात होती. हे तिला कोणी दाखवलं? मी नाही. तुझ्याकडे तर सुभद्रेच्या चालत्याबोलत्या चित्राचा एक तुकडाही नाही. मी त्या पहिल्या दिवशी घागरीकडे बघून हात जोडले. माणसं म्हणाली, म्हातारी चळली. चळले तर चळले. मी देवळात इतकी वर्षं जाते, पण अंगावर असा काटा क्वचितच आला असेल.

मला ठाऊक आहे, तू सिनेमा आणि नाटकवाल्यांना काय म्हणतोस. बँकेतली नोकरी सोडून ती दुसऱ्यांच्या लहान लहान सिनेमांत कामं करू लागली, तेव्हाही तू गप्प राहिलास. मग तिने स्वतःचा पहिला सिनेमा केला आणि तुला मानाने पुढच्या रांगेत बसवलं. आणि पडद्यावर काय, तर ती बापाच्या तिरडीपुढे मडकं घेऊन चाललीय! तू मध्येच उठलास. बाहेर येऊन तिला म्हणालास, "जित्या बापाशीक आग लावलंस? आता माका मेलोच समज. माझा नाव पुढे खंय लावू नको."

मुंबईच्या लोकांना ते खुळेपण वाटलं असेल. मला वाटलं नाही. आपल्याकडे तोंडातून निघालेलं आणि हाताने केलेलं खोटं नसतं, हे मला कळतं. पण तिनेही तुझा शब्द पाळला, हे तुला माहीत नसेल. तेव्हापासून पडद्यावर तिचं नाव ‘रसिका सुभद्रा’ असं येतं. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. लोक तिला विचारतात, ही नवी फॅशन का? ती नुसती हसते.

आता येते मुद्द्यावर.

सिनेमात एक प्रसंग आहे. नवरा सुखरूप यावा म्हणून बायको ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून घेते. सुभद्रा दर वर्षी तुझ्यासाठी घालायची तसं. गाऱ्हाणं सांगायचा मान आपल्या सत्यवानाचा, म्हणून रसिकाने त्यालाच घेतलं. सिनेमातल्या नवऱ्याचं नाव जयवंत. सत्यवानाने फणसाखाली तालीम झकास केली. "जयवंताक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा," असं म्हणताना आवाज तर असा लावला की शिवा गुरव पानाची चंची उघडायची विसरला.

मग सगळे आत देवळात गेलो. रवळनाथासमोर विडा मांडला, नारळ ठेवला. गावची माणसं मागे उभी, पुढे रसिका हात जोडून, सुभद्रेच्या हिरव्या लुगड्यात. कॅमेरा चालू झाला. सत्यवानाने डोळे मिटले, "बा देवा म्हाराजा, रवळनाथा" म्हटलं, आणि अडला. ओठ हलतात, पण जयवंत काही बाहेर येईना. मी बाजूलाच होते. त्याच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. देवापुढे, नारळ ठेवून, नसलेल्या माणसासाठी मागायचं कसं? त्याची जीभच वळेना.

आणि मग तो बोलला. शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत, तेही एकदाच ऐकून:

"बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या परशुरामाचा चेडू आज तुझ्या दारात इला हा. तेका आवस नाय. बापूस आसा, पण बापाशीचा नि चेडवाचा बोलणा नाय. कोणाचा चुकला, ता तुका म्हायत. जी काय गाठ पडली आसा, ती तू सोडव. दोघांनी जोडीन येवन तुझ्यापुढे नारळ ठेवचो, असा कर रे म्हाराजा!"

आणि मागची सगळी माणसं, ज्यांना नुसतं उभं राहायला बोलावलं होतं, ती एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

देवेश कॅमेऱ्यामागून रसिकाकडे बघत होता. तिने हात वर केला असता तर त्याने थांबवलं असतं. तिची ठरलेली खूण होती ती. तिने हात जोडलेलेच ठेवले. चेहरा हलला नाही, डोळ्यांतून मात्र पाणी चाललेलं. सगळ्यांचा आवाज विरल्यावर, एकटीचाच, बारीक आवाज आला तिचा. "व्हय म्हाराजा." तो आवाज सुभद्रेचा होता की रसिकाचा, मला सांगता येणार नाही. मी या पोरीला न्हाऊमाखू घातलंय, तरी सांगता येणार नाही. 

थोड्या वेळाने देवेशने बिचाऱ्याने विचारलं, "काका, आता एकदा जयवंतच्या नावाने घेऊ या?" सत्यवान त्याच्यावर असा उखडला! "देवाक एकदा सांगला, परत कित्याक सांगू? तो काय बहिरो आसा?" आणि नारळ फोडून, प्रसाद वाटून घरी निघून गेला.

त्यानंतर दोन दिवस रसिका लिहीत बसली. मग पुढची गोष्टच बदलली तिने. सिनेमात ती बाई नवऱ्यासाठी मागायला जाते आणि गाव तिच्यासाठी दुसरंच मागतो, आणि तिथून सिनेमा आणि खरं यांतली भिंतच राहत नाही. मला समजावून सांगता येत नाही. गेल्या महिन्यात तिने मला पडवीत, भर दुपारी, तिच्या त्या लहान कॉम्प्युटरवर दाखवला. संपल्यावर मी चहा ठेवायला आत गेले आणि चहा न ठेवताच बाहेर आले. आपल्या घरात जन्मलेलं माणूस हे करू शकतं, याचं भय वाटतं आणि पायाही पडावंसं वाटतं. दोन्ही एकदम.

परदेशातल्या एका मोठ्या महोत्सवाने तो घेतलाय. पक्की प्रत महिनाअखेर पाठवायची आहे. आणि पोर पाठवत नाही.

"त्यात बाबांचं नाव आहे, आत्या," म्हणाली. "ते म्हणाले होते, माझं नाव लावू नकोस. मी लावलं नाही, सत्यवानकाकांनी घेतलं, पण सिनेमा माझा आहे. बाबा हो म्हणाले तर ठेवीन. नाहीतर तो भाग काढीन."

मी म्हटलं, "आणि तो काढलो तर मागे काय ऱ्हवता?"

"काही नाही. मग हा सिनेमा नाही."

"मग फोन कर बापाशीक!"

तर म्हणते कशी, "आधी हो आलं पाहिजे, मग आवाज. नाहीतर त्यांना वाटेल मी सिनेमासाठी बोलायला आले."

घे. आहे की नाही अगदी तुझ्यावर गेलेली? तू तिकडे ताठ, ती इकडे ताठ, आणि मधे मी गुडघा धरून. हे पत्र लिहितेय, हे तिला माहीत आहे. काय लिहितेय, ते विचारलं नाही तिने. आत्ता बाहेर बसून काजू फोडतेय, हात चिकाने काळे झालेत, आणि मी पान उलटलं की हळूच इकडे बघते.

मी तुला हो म्हण असं सांगणार नाही. नाव तुझं आहे. तू त्या दिवशी का उठून गेलास ते मी जाणते, आणि त्याबद्दल तुला कधी दोष दिला नाही. तू नको म्हणालास तर ती तो भाग खरंच काढील, शब्दाची पक्की आहे. मी पाहिलंय त्यांचं ते काम. एक कळ दाबली की बोलता माणूस नाहीसा होतो, मागचा पुढचा जोड दिसतसुद्धा नाही.

पण परशुराम, ती सिनेमातून काढील. सत्यवानाने सांगितलेलं आता देवाकडे आहे, आणि सगळ्या गावाने त्याला होकार भरलाय. तिथून ते कोण काढणार?

त्या होकारात जिचा आवाज सगळ्यांत मोठा होता, ती
तुझी नर्मदाअक्का