शेजारशेजारच्या दोन जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, औषधाच्या गोळ्या पट्टीत बंद करणाऱ्या यंत्रांची निवृत्त सर्व्हिस इंजिनीअर, माझ्या राहत्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तब्येत नाही, पण कायद्याला फक्त डोक्याशी मतलब आहे असे वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. लिहिताना थकले की उठते आणि पडून येते, त्यामुळे अक्षर जागोजागी बदललेले दिसेल. ते माझेच आहे. कोणी शंका काढू नये.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे मुलीला देऊन मोकळी झाले होते. ते याद्वारे रद्द समजावे.

कलम एक. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचे दोन संच, पकडी, मापाच्या पट्ट्या आणि निळी लोखंडी पेटी, माझ्या भाचीला द्यावीत. ती बालवाडीत शिकवते, पण घरातला नळ स्वतः दुरुस्त करते. स्क्रू ड्रायव्हर मागून नेते आणि परत देत नाही, त्यामुळे अर्धी पेटी आधीच तिच्या ताब्यात आहे. उरलेली तिच्या सोबतीला जावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. तिला विचारले तेव्हा ती "मावशी, असलं काही बोलू नकोस" म्हणाली. मी ते होकारार्थी घेतले आहे.

कलम दोन. माझ्या थोरल्या दिरांना, म्हणजे आता कायद्याने माझे कोणी नसलेल्या गृहस्थांना, पंख्याचा रेग्युलेटर द्यावा. घटस्फोट झाला त्या आठवड्यात ते शिडी घेऊन आले आणि "हा आम्ही घेऊन दिला होता" असे म्हणून झोपायच्या खोलीतला छताचा पंखा उतरवून घेऊन गेले. रेग्युलेटर भिंतीतच राहिला. तेव्हापासून तो कशालाच जोडलेला नाही. मला राग नाही. फक्त त्यांचा संच पूर्ण व्हावा असे वाटते.

कलम तीन. ज्या कंपनीत मी जन्म काढला तिला काही नाही. यंत्र अडले की साहेब आणि मी एकाच विमानाने निघायचो. साहेब पुढे पडद्याआड पाय पसरून, मी मागे शौचालयाच्या दाराला गुडघे टेकवून. उतरल्यावर यंत्र मात्र मीच उघडायची. एकदा साहेबांनी पुढून एक गरम रुमाल पाठवला होता. तो माझ्यापर्यंत येईतो गार झाला. हिशेब तिथेच मिटला.

कलम चार. हे लांबणार आहे. घराबद्दल लिहिण्याआधी ते लिहिणे भाग आहे, नाहीतर मुलीला वाटेल आईचे डोके फिरले.

माझा नवरा, म्हणजे घटस्फोटापूर्वीचा, गाद्यांच्या फोमच्या कारखान्यात विक्रीचे काम करायचा. तोही सारखा विमानात. आम्ही दोघे एकाच कंपनीच्या विमानाने जायचो, कारण प्रत्येक फेरीचे माइल्स, म्हणजे फुकट तिकिटासाठीचे गुण, मिळायचे आणि दोघांचे मिळून एकच कुटुंबखाते होते. ते त्याच्या नावावर होते. भरपूर जमले की एकदा दोघांनी पुढच्या भागात, आडवे होऊन, लांब कुठेतरी जायचे असे ठरले होते. ते जमत गेले आणि संसार उसवत गेला. कारण विचाराल तर एकही धड सांगता येत नाही. तो यायचा तेव्हा मी बॅग भरत असायची, मी यायची तेव्हा तो. दोघेही घरी असलो की एकजण झोपलेला. भांडायलासुद्धा दोघे जागे लागतात.

घटस्फोटात भांडीकुंडी वाटली गेली. माइल्स वाटता येत नाहीत असे विमानकंपनीने कळवले. मी त्यांवर पाणी सोडले. लग्नात असताना मी त्याला 'अहो' म्हणत होते, नंतर 'अरे' म्हणू लागले. कोर्टाने मला दिलेला तो एकमेव रोख फायदा.

पुढे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. मग मुलीला जुळे झाले, दिवस भरायच्या आधी. ती राहते तिथे पोचायला चौदा तासांचा प्रवास. जावई फोनवर एवढेच म्हणत होता, "आई, कोणीतरी या." तिकिटांचे भाव पाहून मी डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"मी बोलतोय."

"कोण मी?"

"मीच. हे बघ, परवाच्या विमानात माइल्सवर दोन जागा मिळताहेत. बिझनेस क्लास. पण शेजारीशेजारी आहेत. चालेल का?"

मी म्हटले, "मधे काही आहे का?"

"भिंत आहे छोटी. वरखाली होते. मी विचारून घेतलं."

"ते खातं अजून चालू आहे? मुदत संपते ना त्यांची?"

"संपते. थोड्या थोड्या दिवसांनी काहीतरी घेत राहिलं की वाढते. विमानकंपनीच्या दुकानातून एकदा छत्री घेतली. एकदा बॅगेचा पट्टा."

"कशाला पण?"

"अर्धे तुझे होते ना," तो म्हणाला, आणि पासपोर्टचा नंबर मागितला.

विमानात बसल्या बसल्या त्याने सीट अंगठ्याने दाबून पाहिली आणि जाहीर केले, "वर दिखाऊ थर आहे. खाली माल हलका." आमचे आडनाव एकच. कागदपत्रे बदलण्याचा मी कंटाळा केला होता. ते पाहून हवाईसुंदरीने विचारले, "लग्नाचा वाढदिवस आहे का?" तो म्हणाला, "नाही, घटस्फोटाचा." तिला तो विनोद वाटला. ती केक घेऊन आली. मी केक खाल्ला आणि बटण दाबून भिंत वर केली.

जेवण आले तेव्हा भिंतीपलीकडे सारखे काहीतरी पडत होते. आधी काटा, मग चमचा, मग पुन्हा काटा. याचा वेंधळेपणा वयाबरोबर वाढला, असे मनात म्हणत मी दोन शब्द सुनावायला भिंत खाली केली. त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. डाव्या हाताने तो कोंबडीचा तुकडा तोडायला पाहत होता आणि तो हातही थरथरत होता.

"कधीपासून?"

"एसी जास्त आहे इथला."

"ए. कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "औषध चालू आहे. वाढणार म्हणतात."

मी त्याची थाळी माझ्याकडे ओढली, सगळे लहान लहान कापले आणि परत सरकवली. तो खाली मान घालून जेवला. मग म्हणाला, "तिला सांगू नकोस. आत्ता तिच्यामागं कमी आहे का? नुसतं हो म्हण." मी हो म्हटले. खरे तर वाद घालायचे त्राण नव्हते.

दिवे मंद झाले. आम्ही दोघे आडवे झालो, ज्यासाठी इतकी वर्षे माइल्स जमवले तसे. पांघरूण मऊ होते, पाय पुरते लांब होत होते आणि माझी पाठ दुखत होती. मध्येच विमान एकदम खाली गेले. माझ्या तोंडून निघाले, "अहो!" पलीकडून उत्तर आले, "काय गं?" जणू मधे काही झालेच नव्हते. मी "काही नाही" म्हटले. झोप दोघांनाही लागली नाही.

मुलीकडे पोचलो आणि त्याने हात जॅकेटच्या खिशात घातले ते काढलेच नाहीत. बाळांना लांबून बघायचा. कोणी पुढे केले की म्हणायचा, "मला सर्दी आहे." कचरा टाकून यायचा, भाजी आणायचा, कपड्यांचे मशीन लावायचा, पण बाळांच्या खोलीच्या उंबरठ्यावरून मागे फिरायचा. मुलगी बघत होती. एका सकाळी स्वयंपाकघरात बाटल्या उकळताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, बाबांना आवडली नाहीत का गं बाळं?"

"असं कसं म्हणतेस?"

"मग हात का नाही लावत? माझ्या वेळीही असेच होते का?"

तिच्या वेळी कारखान्यातून नमुन्याचा फोमचा तुकडा आणून, जमिनीवर पसरून, तिला छातीवर घेऊन हा माणूस झोपायचा. कूस बदलायचा नाही. मी फिरतीवर असायची, तेव्हा तिला असेच निजवायचा. हे तिला कुठून आठवणार? आणि तिला ते असे उलटे वाटत असताना मी गप्प बसले असते तर माझ्यासारखी दुष्ट मीच. मी सांगितले. "हात थरथरतात त्याचे. आजार आहे. पाडेन म्हणून भितो."

तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेर जाऊन बापाला कोचावर बसवले. दोन्ही बाजूंना उशा लावल्या, त्याच्या मांडीवर एक ठेवली. मग एक बाळ आणून ठेवले. मग दुसरे.

"अगं, पडतील ती!"

"नाही पडत. मी आहे ना बसलेली."

ती त्याच्या पायांशी जमिनीवर बसली. त्याचे हात खिशातून बाहेर आले. थरथरत होते ते थरथरतच राहिले. धाकटे त्यातच झोपून गेले. बाळांच्या डोक्यांवरून त्याने माझ्याकडे पाहिले. त्यात आभार नव्हते. उरलेले दिवस बाळे त्याच्याकडे आणि तो त्यांच्याकडे, पण माझ्याशी बोलणे नाही.

परतीच्या विमानात बसताक्षणी भिंत त्याने वर केली. उतरताना एवढेच म्हणाला, "एवढं एकच सांगितलं होतं तुला." मी म्हटले, "हो." मला पश्चात्ताप नाही. तेव्हाही नव्हता. पुन्हा तसेच करीन, असे इथे लेखी नमूद करते.

काही महिन्यांनी दाराची बेल वाजली. तो उभा होता, टी-शर्टात. जन्मभर इस्त्रीचे शर्ट घालणारा माणूस. म्हणाला, "बटणं लागत नाहीत आता." मागे टेम्पोवाला त्याची गादी जिन्यातून वर चढवत होता. गादी आधी आली, विचारणे नंतर. मी बाजूला झाले. तेव्हापासून तो पुढच्या खोलीत राहतो. आम्ही पुन्हा लग्न केलेले नाही आणि करणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी याबाबत वारंवार चौकशी केली, त्यांना हे कलम झेरॉक्स करून द्यावे.

कलम पाच. आता घर. तिसऱ्या मजल्यावरचे हे घर माझ्या कमाईचे आहे. ते माझ्यामागे मुलीचे. परंतु कलम चारमधल्या गृहस्थांना या संपूर्ण घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील, आणि ते असेपर्यंत घर विकू, भाड्याने देऊ किंवा रिकामे करू नये. त्यांची गादी हलवू नये. न्हाणीघरात मी बसवलेले धरायचे दांडे काढू नयेत. सेक्रेटरींना ते कितीही विजोड वाटोत.

कलम सहा. बँकेतले पैसे आधी त्याच्या देखभालीला माणूस ठेवण्यासाठी वापरावेत. उरतील ते जुळ्यांना. माणूस ठेवताना एवढे पाहावे की तो शर्टाची बटणे लावून देताना घाई करणार नाही आणि मोठ्याने बोलणार नाही. याला ऐकू व्यवस्थित येते. लोक हात थरथरताना पाहून उगाच ओरडून बोलतात.

कलम सात. त्या खात्यात थोडे माइल्स उरले आहेत. माझ्या नावावर नसल्यामुळे ते मला कोणाला देता येत नाहीत, असे वकीलबाई म्हणतात. आडवे होऊन जाण्याइतके नाहीत, बसून जाण्याइतके आहेत. त्यांचे काय करायचे ते त्याचे तो ठरवील.

कलम आठ. मुलीने माझ्या बातमीसरशी जुळ्यांना उचलून धावत येऊ नये. सवडीने यावे. मी वाट पाहत थांबलेली नसेन, त्यामुळे उशीर होणार नाही. जे काही करायचे ते भाचीने करावे, आणि कमीत कमी करावे. मला फार दमल्यासारखे झाले आहे.

शेवटचे. हे सगळे मी त्याला काल वाचून दाखवले. ऐकून म्हणाला, "आधी तूच जाणार असं धरून का चाललीस?"

"माझा रिपोर्ट वाचलास ना?"

"वाचला."

नंतर म्हणाला, "साक्षीदार म्हणून मी सही करतो." मी म्हटले, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. "मग मला काही देऊ नकोस," तो म्हणाला. "सही करू दे." मी ऐकले नाही. सह्या होईपर्यंत त्याला गॅलरीत बसायला सांगितले आहे.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे, मी तो पुन्हा वाचला आहे आणि मला तो मान्य आहे.

स्थळ : माझे राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : १२ जून, सकाळ

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिली : तळमजल्यावरच्या फिजिओथेरपिस्टबाई. "यांनी आमच्यासमोर सही केली. मधे एकदा पाणी मागितले. पूर्ण शुद्धीवर होत्या." (सही)

साक्षीदार दुसरे : वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. "वरीलप्रमाणेच. पाणी मी आणले." (सही)

सह्या झाल्या. आता त्याला आत बोलवा, बाहेर ऊन आले आहे.