बायोसची चुकीची फाईल

मंगळवार, संध्याकाळ

आप्पांचा जुना कॉम्प्युटर आज मी बंद पाडला. नवी मोठी हार्ड डिस्क तो ओळखेना, म्हणून मदरबोर्डचं बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट करायला गेले. फाईल दुसऱ्याच मॉडेलची निघाली. नंबर का नाही वाचला मी? स्क्रीन काळी. बोर्डवरची छोटी बॅटरी काढून पुन्हा बसवली, तरी काळीच. टिळकवाडीतला दुकानदार फोनवर म्हणाला, "बोर्ड गेला मॅडम. इतका जुना आता मिळत न्हाय."

आप्पांना दिसत नाही. रोज या वेळी ते त्यावर आपल्या आठवणी रेकॉर्ड करतात. आजही येऊन बसले.

घाबरून मी म्हटलं, "आप्पा, लाईट गेलीय."

"व्हय? मग फॅन कसा फिरतोय गं?"

मग खरं सांगितलं.  ते माईकची वायर गुंडाळत बसले.