शेततळ्याचा कागद

अण्णा, तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा विचारलं असतं, तर "लय शानी झालीस" म्हणून उडवून लावलं असतंत. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की उडवून लावणं तुमच्या हातात नाही, एवढाच काय तो माझा फायदा. मी नऊ वर्षांची असताना पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून तुम्ही मला विहिरीत ढकललंत, तो दिवस आठवतो का? ग्रामसेवक आलेत, विहिरीला कठडा बांधा, नियम आहे, असं सांगतायत. आणि तुम्ही माझ्या पोटावरची दोरी आवळत म्हणताय, "लेकरं माझी हायेत, जिम्मा माझा. सरकार काय लेकरं सांभाळायला येणार हाय का?" पुढच्याच क्षणी मी पाण्यात. नाकातोंडातलं पाणी ओकत वर आले, तोवर ग्रामसेवक सायकलवर टांग मारून गेलेसुद्धा होते. चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आणि पाचव्या दिवसापासून विहिरीतून बाहेर निघायला तयार नव्हते. इतका आनंद मला पुढे फार कमी गोष्टींनी दिला. तो तुमच्यामुळे मिळाला, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

शेत आता मी बघते. मागच्या वर्षी वरच्या तुकड्यात शेततळं घेतलं. म्हणजे मोठा चौकोनी खड्डा, आणि पाणी मुरू नये म्हणून त्याला आतून काळं जाड प्लास्टिक. त्या प्लास्टिकला आपल्याकडे सगळे कागदच म्हणतात. सरकारी योजनेतलं काम, त्यामुळे भोवती जाळीचं कुंपण सक्तीचं. कृषी सहायक बघायला आला तेव्हा तुमचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं. "माझी लेक पोहते. जिम्मा माझा." पोरगा नम्र होता, पण हटेना. म्हणाला, "ताई, तुमची पोहते. वाटंनं जाणाऱ्याची पोहते का? आन् कुंपणाशिवाय योजनेच्या ॲपवर फोटो चढत न्हाई बगा, अनुदान अडतं." मग जिंतूरहून जाळी आणली, खांबांना तारेनं बांधली, फोटो झाला. आठ दिवसांनी तीच जाळी शेजाऱ्याच्या शेततळ्यावर गेली, तिथून तिसऱ्याच्या. एका जाळीवर तिघांचे फोटो झाले, आणि आम्ही सगळे त्यावर खूप हसलो.

उन्हाळ्यातली दुपार. मी सोयाबीनचं बियाणं निवडत झाडाखाली बसले आहे. लेक अकरा वर्षांची, तिला मीच आपल्या विहिरीत पोहायला शिकवलंय, तिच्या पाण्यात उतरण्याची मला काळजी कसली? बराच वेळ शेततळ्यातून पाण्याचा आवाज येत होता. मग आवाज बदलला. पोहण्याचा नव्हता, घासण्याचा होता. मी धावत गेले तर ती कडेलाच होती, हातभर अंतरावर, आणि वर येत होती नि परत घसरत होती. कागदावर शेवाळ. धरायला दगड नाही, पायरी नाही. नखं वाजत होती नुसती. ठिबकची नळी बाजूला पडलेली होती, ती टाकली, कशीबशी ओढून घेतली. धाप लागलेली असतानाही ती मला समजावत होती, "आई, पाण्यात काय न्हाई झालं. ह्यो कागदच वर येऊ देईना गं."

तेव्हापासून मला हेच कोडं पडलंय. आपल्या विहिरीला दगडी पायऱ्या होत्या, मोटारीचा पाइप होता, भिंतीतून आलेली उंबराची मुळी होती. तुम्हाला पाणी कळत होतं, अण्णा, की फक्त आपली विहीर? आणि ग्रामसेवकांना जे सांगितलंत, ते दुसऱ्या कुणाचं लेकरू त्या काठावर उभं असतं तरी सांगितलं असतंत? चिडून विचारत नाही. तुम्ही काय म्हणाला असता, ते खरंच ऐकायचं आहे. मी स्वतःशी तुमच्या बाजूनं बोलून बघते, थोडा वेळ पटतं, मग त्या कृषी सहायक पोराचं 'वाटंनं जाणाऱ्याची पोहते का?' आठवतं आणि पटेनासं होतं. पोहायला शिकवलंत ते चुकलं, असं मात्र मी मरेपर्यंत म्हणणार नाही. ती तेवढा वेळ तरंगली ती त्यामुळेच.

जाळी दुसऱ्याच दिवशी परत आणली. सिमेंटमध्ये खांब रोवले, आत चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले, फाटकाला कुलूप घातलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही ते एक, पण लेकीच्याही हाती पडू द्यायचं नाही, म्हणून फाडून टाकणार आहे. परवाच ती कुलूप हलवत विचारत होती, "मला पोहता येतं ना, मग हे कशाला?" मी म्हणाले, "सरकारचा नियम हाय बाई, माझ्या हातात काय हाय?" नियमाला कोण विचारतं इथं, अण्णा. भ्याले मी. ते तिला अजून सांगितलेलं नाही.