बिनतारखेच्या चिठ्ठ्या

१२ जून

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आधी गुडघ्याची चौकशी करावी की तू केलेल्या आरोपांना उत्तर द्यावं, या विचारात दोन दिवस गेले. गुडघा वयाने मोठा, म्हणून त्याचा मान पहिला. शेक घेत जा आणि उगाच जिना चढउतार करू नकोस.

माझे कागद अखेर गेले. विद्यापीठाच्या अभिलेखागाराची गाडी आली आणि माझी सगळी नोकरी, म्हणजे टिपणं, व्याख्यानं, पत्रव्यवहार, अर्धवट राहिलेली प्रकरणं, खोक्यांत भरून घेऊन गेली. अभ्यासिकेची भिंत पिवळी आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी ती पांढरी समजत होतो. खोलीत आता आवाज घुमतो. काल मधोमध उभा राहून आपल्या तिसरीच्या पुस्तकातली पाखरांची कविता चालीवर म्हणून पाहिली. सूर काही लागला नाही, पण घुमली छान. मास्तरांचं टेबलावर ताल धरणारं बोटसुद्धा ऐकू आल्यासारखं वाटलं.

आता हसू नकोस. मी अभिलेखागारात वाचक म्हणून नाव नोंदवलं आहे. माझेच कागद वाचायला मला अर्ज करावा लागतो. तिथल्या अभिलेखपाल बाई एके काळी माझ्याच वर्गात पुढच्या बाकावर बसत. त्यांनी मला नियम वाचून दाखवले. पेन नाही, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फाइल. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. हा शेवटचा नियम त्यांनी दोनदा वाचला.

मी जातो तो पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणासाठी, हे वेगळं सांगायला नको.

धाकटा असण्याचा फायदा या वयातही घेतो आहे, तेव्हा लोभात काटछाट करू नये, ही विनंती.

तुझा,
भाऊ


२१ जून

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

वेगळं सांगायला नको म्हणतोस आणि तेवढंच वेगळं सांगतोस. तुझं शेवटचं प्रकरण माझे केस काळे होते तेव्हापासून शेवटचं आहे. ते राहू दे. त्याच्यावाचून आमचं कुणाचं काही अडलेलं नाही.

तुझं पत्र वाचून मला आमच्या शाळेच्या फाटकाशी पहिल्या दिवशी घुटमळणारे बाप आठवले. पोर आत जाऊन मजेत खेळायला लागलेलं असतं आणि हे बाहेर रुमाल चाचपत उभे. कागद दिलेस ना? मग आता घरी बस, खिडक्या उघड, पिवळ्या भिंतीला एखादं चित्र लाव. तुझी बायको, आपली धाकटी, असती तर तिने एव्हाना तिथे पलंग टाकून दुपारची झोप काढली असती. ती गेल्यापासून तुला टोकणारं माणूस उरलं नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आहे. मला ते आवडतं, असं समजू नकोस. फार आवडतं.

पण एक सांग. पत्राच्या शेवटी तुझं अक्षर आडवं पडलं आहे. पाटीवर तुझा हात धरून मीच तुला गिरवायला शिकवलं. तू काही दडवायला लागलास की अक्षर आडवं होतं, हे मला तुझ्या पहिल्या यत्तेपासून ठाऊक आहे. तिथे तू काय करतोस ते सरळ लिही.

माझा गुडघा कुरकुरतो, पण तुझ्यापेक्षा कमी. नातसून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते, त्यामुळे तुझी सूचना आपोआप पाळली जाते.

आशीर्वाद भरपूर आहेत, खरं बोलणाराला थोडे जास्त.

तुझी,
अक्का


२ जुलै

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ताठ अक्षरात लिहितो आहे, तपासून घे.

माझं वाचक-कार्ड सध्या अभिलेखपाल बाईंच्या खणात आहे. मुलाला फोनवर तांत्रिक कारण म्हणून सांगितलं. तुला ते चालणार नाही, म्हणून मुळापासून सांगतो.

मी दार लावून लिहायला बसलो की हाक मारलेली मला खपत नसे. लग्नानंतर लवकरच एकदा तिच्या हाकेने माझं वाक्य सुटलं आणि मी दिवसभर धुसफुसलो. दुसऱ्या दिवसापासून तिने हाक मारणं सोडलं आणि दाराखालून चिठ्ठी सरकवायला सुरुवात केली. चहा झालाय. जेवायला चला. एक अशी: मेलेले राजे थांबतील, जेवण थांबणार नाही. मी चिठ्ठी उचलायचो, जिथे वाचत असेन तिथे खूण म्हणून घालायचो आणि उठायचो. नाही उठलो तर दुसरी यायची, पहिलीहून आखूड. ही पद्धत आमच्याकडे अखेरपर्यंत चालली. त्यामुळे माझ्या सगळ्या कागदांत तिच्या चिठ्ठ्या आहेत. शेवटच्या प्रकरणाचं म्हणशील तर ती फाइल मी अजून मागवलेलीसुद्धा नाही.

अभिलेखपाल बाईंचं म्हणणं असं की या चिठ्ठ्या घरगुती आहेत, त्यांच्यावर ना तारीख ना सही. असले कागद छाननीत वेगळे काढून घरी परत पाठवायचे असतात. बिनतारखेचा कागद बेवारशी, हे वाक्य त्यांनी माझ्याच व्याख्यानातून उचललं आणि मलाच ऐकवलं.

तू म्हणशील, मग घरी आण. घरी आणल्या की त्यांचा नुसता गठ्ठा होतो, अक्का. कागदांत आहेत तोवर कुठल्या ओळीवरून तिने मला उठवलं ते दिसतं. आणि माझ्यामागे तो गठ्ठा सांभाळणार कोण? तिथे राहिल्या तर टिकतील, इथे आल्या तर माझ्याबरोबर जातील.

म्हणून मी त्यांच्यावर तारखा घातल्या. पेन्सिलीने, कोपऱ्यात, बारीक. मनाला येतील तशा नव्हेत. चिठ्ठी कुठल्या टिपणात होती, शाई कुठली, हे ताडून. पुष्कळ झाल्या होत्या. मग एका दुपारी बाई पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात पुढे केला आणि मी वर्गातल्यासारखी पेन्सिल त्यांच्या हातावर ठेवली. कागदपत्रांत फेरफार, अशी नोंद झाली. महिनाअखेर समितीपुढे जायचं आहे. कार्डाचा आणि चिठ्ठ्यांचा निकाल एकदमच लागेल.

एखादी तारीख पक्की ठरवता आली तर माझी बाजू सावरेल. माझी सगळ्यांत भक्कम चिठ्ठी ही: उन्हात जाऊ नका, टोपी खुंटीवर आहे. ती जमीनमोजणीच्या टिपणांत होती. ते काम मी केलं ते तू पडलीस त्या वर्षी, एप्रिलात. समितीला दाखवायला तू साक्षीच्या चार ओळी लिहून धाड.

कान उपटायचे असतील तर खुशाल उपटावेत, पण माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
भाऊ


११ जुलै

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

साक्ष देते, पण ती तुझ्या कामाची नाही.

मी पडले त्या वर्षीचा सगळा एप्रिल आणि सगळा मे धाकटी माझ्याकडे होती. पाय प्लास्टरमध्ये, मी पलंगावर, आणि ती माझी वेणी घालत, माझ्या वर्गाच्या वह्या तपासत बसलेली. मुलांना गुण माझ्यापेक्षा सढळ हाताने द्यायची, त्यावरून आमचं वाजायचंसुद्धा. इथून तुझ्या दाराखाली चिठ्ठी सरकवण्याइतका तिचा हात लांब नव्हता. मे सरता सरता तू तिला न्यायला आलास तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. तिने मला आत बोलावून हळूच सांगितलं, की बघा अक्का, यांना कुणी उठवलंच नाही.

तुझी भक्कम चिठ्ठी ही असली. बाकीच्या बेताच्या चिठ्ठ्यांचं तूच बघ.

मला मुळीच नवल वाटलं नाही. शाळेत कविता म्हणताना कडवं विसरलास की तू थांबायचा नाहीस. त्याच चालीवर स्वतःचं कडवं घुसडून पुढे जायचास. मास्तर डोळे मिटून मान डोलवायचे आणि मागे वरच्या यत्तेच्या बाकावर माझा जीव टांगणीला. तुझी कडवी बरी असायची, हे कबूल करते. पण ती पुस्तकात नव्हती.

तेव्हा समितीने काही विचारायच्या आत त्या तारखा खोट्या आहेत म्हणून सांगून टाक. पोरांना जन्मभर जे शिकवलंस ते स्वतःच्या घरातल्या माणसापुरतं बदलू नकोस. तिला केव्हा लिहिलं याचं काय होतं? तिचं म्हणणं प्रत्येक चिठ्ठीत एकच होतं, की आत्ता उठा. त्याला तारीख कुठून लावशील?

मला रडू आलं असं नातसून म्हणते. तिचं लक्ष जिन्याकडे असलेलं बरं.

समितीत सदरा इस्त्री केलेला घाल. आशीर्वाद नेहमीचेच, यावेळी वरून थोडे.

तुझी,
अक्का


३० जुलै

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सदरा इस्त्रीचा होता.

तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. टोपीची ती दुपार मला लख्ख आठवत होती. दाराच्या फटीतून आलेलं ऊन, तिच्या बांगडीचा आवाज, सगळं. आणि ती तर तुझ्या घरी होती. मग हे ऊन कुठल्या वर्षाचं, मला सांगता येत नाही.

समितीपुढे आधी मीच बोललो. म्हटलं, तारखा मी घातल्या, आणि त्यांतली सगळ्यांत खात्रीची माझ्या थोरल्या बहिणीने खोटी ठरवली आहे, तेव्हा बाकीच्या विचारातही घेऊ नयेत. अध्यक्षांनी विचारलं की बहीण इतिहासाच्या अभ्यासक आहेत का. मी सांगितलं, प्राथमिक शाळेत होत्या, माझ्याच. त्यांनी ते लिहून घेतलं. आता तूही तिथल्या कागदांत आहेस.

मग मला विचारलं की चिठ्ठ्या का ठेवाव्यात. मी मुद्दे काढून नेले होते, पण चष्मा घरी राहिला. जे आहे ते सांगितलं, की ती मला उठवायला लिहायची आणि मी उठताना वाचत्या पानात घालून ठेवायचो. यावर अभिलेखपाल बाईंनी मान वर केली. चिठ्ठ्या पानांत कुणी घातल्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच, दुसरं कोण. त्या म्हणाल्या, सर, मग या खुणा आहेत, आणि कागद वापरणाऱ्याने घातलेली खूण आम्ही जागची हलवत नाही. त्या समजत होत्या की आवराआवरीत घरातलं चिटोरं कागदांत अडकलं असेल. हे आधी का सांगितलं नाही, असंही त्यांनी जरा कडकच विचारलं. मी तारखेवर वाद घालत बसलो होतो, अक्का. जागेबद्दल मला कुणी विचारलंच नाही आणि मला सांगावंसंही सुचलं नाही. इतिहासाच्या माणसाला तारीख सोडून दुसरं काही दिसत नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून घेतो.

चिठ्ठ्या राहणार. जिथे होत्या तिथेच, एकूण एक.

मात्र तारखा मलाच खोडायच्या होत्या. बाईंच्या टेबलाशी बसून, मऊ खोडरबराने. चुरा त्या स्वतः ब्रशने झाडत होत्या. खोडून झालं की प्रत्येक चिठ्ठी मी पुन्हा तिच्या पानात ठेवत होतो. मग सूचीतली नोंद मला करायला सांगितली. मी लिहिलं: पत्नीच्या हातच्या चिठ्ठ्या, वाचनात खुणेसाठी वापरलेल्या. पुढे काळाचा रकाना होता. आपल्या पाठ कवितांखाली कुठे तारखा होत्या, असं मनाशी म्हटलं आणि लिहून टाकलं, काळ अज्ञात. हे दोन शब्द मुलांनी लिहिले की मी गुण कापत असे.

कार्ड परत मिळालं, एका अटीवर. मी पहिल्या टेबलाशी, बाईंच्या नजरेसमोर बसायचं, आणि मला पेन्सिलसुद्धा मिळायची नाही. त्यामुळे टिपण करता येत नाही, समासात काही सुचवता येत नाही, नुसतं वाचावं लागतं. काल दिवसभरात एकच फाइल झाली, आणि तीही अर्धीच.

गुडघ्यास नमस्कार. जसा आहे तसा गोड मानून घेत आलीस, तसाच पुढेही घ्यावास, ही विनंती.

तुझा,
भाऊ