एकशे ऐंशी दिवस

३ मार्च, रविवार

घरखर्चाचा सातवा नियम, यादीचा, आज पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला. टिटवीने तोंड वाकडं केलं — करू दे! पंधरा वर्षांच्या मुलीने नाही करायचं तर कुणी करायचं? जन्मल्यापासून हिची टिवटिव चालूच आहे, उगाच नाही नाव पडलं.

कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. ज्याला जे हवं ते त्याने तिथे लिहायचं, पुढे तारीख, पुढे किंमत. मग तीस दिवस थांबायचं. तीस दिवसांनंतरही हवंच असलं तर घ्यायचं. नको वाटलं तर ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं, आणि तेवढे पैसे त्याच दिवशी बँकेत. सगळ्यात महत्त्वाचं — दुसऱ्याच्या ओळीबद्दल चकार शब्द काढायचा नाही! ह्या एका कलमाने घरातली निम्मी भांडणं मिटली. दहातल्या आठ ओळी खोडल्या जातात. कधीकधी माझं मलाच कौतुक वाटतं.

किंमत आम्ही दिवसांत लिहितो. भाडं, जेवण, वीज, शाळा, सगळं धरून घर एक दिवस चालायला जेवढं लागतं, तो एक दिवस. चपला म्हणजे दीड दिवस. छत्री एक. बँकेत आज १६१ दिवस आहेत. हवेत १८०. सहा महिने कुणाचं तोंड न बघता जगता आलं पाहिजे.

आज दोन नव्या ओळी. टिटवीची — सहल, तीन दिवस. ह्यांची — डोळे तपासणी, दोन दिवस. वाचलं, गप्प बसले. नियम म्हणजे नियम.

६ मार्च

लाँड्रीत मला आता सगळ्या तोंडावरच 'चिमटा' म्हणतात. म्हणोत! चादरींच्या घड्या घालताना एकीने विचारलं, "टूथपेस्टची नळी कापून पुसून घेतेस म्हणे?" म्हटलं, घेते. चार दिवस जास्त जाते. साबणाचे उरलेले तुकडे जुन्या मोज्यात भरून गाठ मारते, भांडी घासायला होतात. डाळ सकाळीच भिजत घालते, गॅस निम्मा लागतो. बाजार उठायच्या वेळेला भाजी घेते. दोन स्टॉप चालते. हसल्या सगळ्या. पगाराआधी आठ दिवस ह्याच माझ्याकडे उसने मागायला येतात.

हात मात्र फार दुखतात हल्ली.

८ मार्च

टिटवी म्हणाली, "आई, एकशे ऐंशी झाले की काय करायचं?" काय करायचं म्हणजे? काही करायचं नाही. असू द्यायचे.

तिला आठवत नाही. चार वर्षांची होती. हे कामाला होते ते घड्याळांचं दुकान एका रात्रीत बंद झालं, मालक कुलूप लावून पसार! घरात तीन दिवसांचे पैसे होते. दोन महिन्यांनी घरमालकाने सामान जिन्यात आणून ठेवलं. मी हिला कडेवर घेऊन दादाच्या दारात उभी राहिले, मागे हे, खांद्यावर गादीची वळकटी. वहिनीने दार अर्धंच उघडलं. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "किती दिवस?"

अकरा वर्षं झाली. अजून कानात आहे. मी तेव्हापासून दिवसच मोजतेय.

१२ मार्च, मंगळवार

न्हाणीघराचा नळ गळतोय. खाली बादली ठेवली, त्या पाण्यात फरशी पुसली.

हे आज उशिरा आले. चालत आले होते, बूट धुळीने पांढरे. म्हणाले, गिऱ्हाईक थांबलं होतं. जेवताना मध्येच विचारतात, "किती राहिले गं?" मला आनंदच झाला, हा माणूस स्वतःहून कधी विचारत नाही! म्हटलं, एकोणीस. मग म्हणाले, "आणि मध्येच मोडावे लागले तर?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मोडायचं नाव काढू नका ह्या घरात. पुन्हा कुणाच्या दारात उभी राहायची नाही मी. त्यापेक्षा मेलेली बरी.

म्हणाले, "बरं. मग होऊ दे पूर्ण."

वाटी पुसून खाल्ली. भाताचं शीत टाकलं नाही. एवढ्या वर्षांनी का होईना, शहाणपण आलं म्हणायचं.

१९ मार्च

टिटवीशी कडाक्याचं भांडण. सहलीची ओळ तीस दिवस थांबली तर सहल जाऊन येईल म्हणते! म्हटलं, मग ती सहल आपल्यासाठी नव्हती. "बाबा, तुम्ही सांगा ना," म्हणून त्यांच्याकडे वळली. ते खिडकीशी बसून भिंतीकडे बघत होते, एकदा एक डोळा झाकून, एकदा दुसरा. म्हणाले, "आईचं ऐक."

नंतर मोरीत जाऊन रडत होती. मला ऐकू येत होतं. गेले नाही.

२५ मार्च

आज काही खर्च नाही. शून्य!

२ एप्रिल, मंगळवार

झाले!! एकशे ऐंशी!

काल पगार झाला, दोघांचे मिळून चौदा दिवस टाकले. १७५. आज सकाळी टिटवीने सहलीची ओळ खोडली, इतक्या जोरात की कागद फाटला. तीन. आणि ह्यांनी आपली ओळ खोडली, डोळे तपासणी. दोन. मी काही विचारलं नाही, पण ते आपणहूनच म्हणाले, "आता चमकत नाही. बरं आहे." मला कुठे ठाऊक काय चमकत होतं ते! म्हटलं, बघा, तीस दिवस थांबलं की निम्मी दुखणीसुद्धा आपोआप जातात.

जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन आले. पासबुकावर आकडा छापून घेतला. खिडकीवरच्या मुलाला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, हसले नुसती. तो गोंधळला बिचारा.

३ एप्रिल

अकरा वर्षांनी शांत झोपले.

९ एप्रिल

ह्यांच्या आताच्या दुकानाच्या मालकाचा फोन आला. आधी वाटलं, पगाराचं काहीतरी. तो म्हणाला, "वहिनी, ह्यांना बरं नाही का? आज दुसरं घड्याळ मोडलं. स्क्रू चाकाच्या बाजूला घालतायत आणि फिरवतायत."

हे आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं, चांगलं चार बोटं बाहेर. टिटवी उठली, त्यांचा डावा डोळा तळव्याने झाकला आणि बोटं दाखवली. "बाबा, किती?"

त्यांनी मान जरा तिरकी केली.

"बाबा, किती बोटं?"

"हात खाली घे बाळा," म्हणाले.

उजवा डोळा. भिंग लावायचा डोळा. तीस वर्षं ज्या डोळ्याने मोहरीएवढे स्क्रू बसवले, तो!

१० एप्रिल

मोठ्या दवाखान्यात गेलो, तिथे कमी पैसे घेतात. एवढा लांबलचक दवाखाना, मला दार कुठलं ते कळेना. हे सरळ डावीकडे वळले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. खिडकीवरच्या बाईने विचारलं, "पहिल्यांदाच?" हे घाईने म्हणाले, "पहिल्यांदाच."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, आतला पडदा सुटलाय. पूर्ण. आधी चमकायचं का? काळे ठिपके दिसायचे? हे म्हणाले, हो, महिन्यापूर्वी. बाईंनी वर बघितलं. "तेव्हाच का नाही आलात? पहिल्या आठवड्यात आला असतात तर बहुतेक वाचला असता."

हे जमिनीकडे बघत बसले. मग मीच बोलले. म्हटलं, आमच्याकडे यादी असते. म्हणाल्या, कसली यादी? मी सांगितलं. सगळं सांगितलं. कपाटाचं दार, तीस दिवस, दुसऱ्याच्या ओळीबद्दल बोलायचं नाही. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. बाईंनी पेन खाली ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशन करायला हवं. नजर येण्याची आशा फारशी नाही, पण डोळा तरी राहील. दुसऱ्या डोळ्याचा पडदाही दोन ठिकाणी विरलाय, तिथे लेझर. सगळं मिळून १२० दिवस.

बाहेर येऊन हे म्हणतात काय — "लेझर तेवढं करू. तो कामातून गेलाय, त्याच्यावर कशाला खर्च?"

मी रस्त्यात उभी राहून ओरडले. लोक बघत होते. बघू देत.

११ एप्रिल

पैसे काढले. तोच खिडकीवरचा मुलगा. आज मी हसले नाही.

१२ एप्रिल

मी वाचली होती ती ओळ. रोज वाचत होते. कपाट रोज उघडते, कपडे तिथेच आहेत. 'डोळे तपासणी, दोन दिवस.' तीस वेळा वाचली असेल. एकदा, फक्त एकदा विचारलं असतं — का हो, काय होतंय? दोन शब्द. फुकट होते. त्या शब्दांना पैसेसुद्धा पडत नव्हते.

आणि खोडली तेव्हा खूश झाले मी! त्या दोन दिवसांनी माझे एकशे ऐंशी पुरे झाले. कसली बाई आहे मी? वहिनीने निदान विचारलं तरी होतं काहीतरी.

जेवण गेलं नाही. टाकूनही दिलं नाही. झाकून ठेवलं. बघा, हात अजून तेच करतायत.

१८ एप्रिल

काल ऑपरेशन झालं. डोळ्यात हवा भरलीय, म्हणून दहा दिवस पालथं पडून राहायचं. तोंड जमिनीकडे. जेवायचंही तसंच, मान खाली घालून. पलंगाच्या कडेला उशी लावून दिलीय, खाली फरशीवर ताट ठेवते.

टिटवी फरशीवर उताणी पडते, त्यांच्या तोंडाखाली डोकं येईल अशी, आणि वर्गातल्या गमती सांगते. हे हसतात. मला नुसती त्यांची पाठ दिसते हसताना.

मला म्हणाले, "तुझे दिवस खर्च झाले गं." म्हटलं, गप्प पडा.

साठ उरले.

२२ एप्रिल

दुकानाचा मालक घरी येऊन गेला. माणूस वाईट नाही. चहा घेतला, पंख्याकडे बघत बोलला. बारीक काम आता जमायचं नाही. पट्टे बदलणं, सेल घालणं — तेवढ्याला ठेवतो. पगार निम्मा.

निम्म्या पगारात साठ दिवस म्हणजे नक्की किती, ते मांडायला बसले. दोनदा चुकले. मग वही मिटली. काय मांडायचंय आता! अकरा वर्षं पोटाला चिमटा काढला, मुलीची सहल खाल्ली, तिचं लहानपण खाल्लं, आणि जे वाचवायचं तेच घालवून बसले. घर ह्या दोन पगारांवर उभं होतं, बँकेतल्या आकड्यावर नव्हे. एवढं साधं मला कळलं नाही.

यादी फाडली. चिकटपट्टी इतकी घट्ट की दाराचा रंग निघाला. टिटवी बघत होती. तिला म्हटलं, जे हवं ते तोंडाने माग. ती म्हणाली, "मला काही नको आई." मला ते ऐकवेना.

२५ एप्रिल

गळका नळ दुरुस्त करून घेतला. नळवाल्याला न बोलता पैसे दिले. हे पलंगावरून जमिनीला म्हणतात, "घासाघीस नाही केलीस?" पाठ हलली. हसत होते.

मग म्हणाले, "तू त्या यादीचं मनाला लावून घेऊ नकोस. तिचा काही दोष नाही." देवमाणूस आहे. मला वाचवायला बघतोय.

२७ एप्रिल, शनिवार

दवाखान्यात एकटीच गेले, रजेचा दाखला घ्यायला. खिडकीवरची बाई म्हणाली, "यांच्या नावाचे दोन केसपेपर आहेत, एक रद्द करते." म्हटलं, एकच असेल. तिने काचेखालून दुसरा सरकवला.

बारा मार्च. ह्यांची सही. डॉक्टरांचं अक्षर — 'पडदा सुटू लागला आहे. दोन दिवसांत ऑपरेशन सांगितले. खर्च सांगितला. रुग्ण म्हणतो, घरी विचारून येतो.'

घरी येऊन ही वही काढली. बारा मार्चचं पान उघडलं. विचारलं होतं त्यांनी. जेवताना. खाली उत्तर आहे, माझ्याच अक्षरात.