होडीतली माझी जागा

ती. ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा दुरूनच नमस्कार. (जवळ असतो तर वाकलो असतो, आणि वाकताना कंबर धरली म्हणून तू हसली असतीस, तेव्हा दुरूनच बरा.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे सारं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी सकाळपासून खिडकी ते दार आणि दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालतोय, आणि ही म्हणते, एक तर बसा, नाहीतर जाता जाता केर तरी काढा.

तुझ्या भाचीने बेटापासून किनाऱ्यापर्यंत पोहून यायचं ठरवलं होतं, हे तुला ठाऊकच आहे. जन्मतःच डावा हात कोपरापर्यंत. पाळण्यात तिने तुझं बोट धरलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, पोरीची पकड बघ, दुसऱ्या हाताची कसर भरून काढतेय. आता त्याच हाताने ती समुद्र मागे सारते आणि एरवी तलावावर पोरांना शिकवते. पाणी पाहून रडणारी पोरं तिला पाहून उड्या टाकतात. सुरुवातीला तर कौतुकाच्या भरात सगळी फौज डावा हात पाठीशी दुमडून पोहायला लागली आणि गोल गोल फिरत एकमेकांवर आपटली. तिला काठावरून ओरडावं लागलं, "अरे, असलेला हात वापरा रे!" त्यांच्यात एक चुणचुणीत मुलगी आहे, तिला सगळे बेडकी म्हणतात. एके काळी ती पायरी सोडत नसे. तिला लक्षात ठेव, पुढे तीच मला पकडून देणार आहे.

या पोहण्याचा एक नियम आहे. होडीतल्या कुणी पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. लावला की पोहणं बाद. पाणीसुद्धा लांब काठीच्या टोकाला पेला अडकवून पुढे करायचं. काठी बेडकीकडे, घड्याळ पंचांकडे आणि कविता माझ्याकडे. (आयुष्यभर छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली, त्यामुळे पहिली ते सातवीच्या सगळ्या कविता, खिळे जुळवणाऱ्याच्या चुकांसकट, मला पाठ आहेत.) चालीवर म्हटल्या की तिचा हात लयीत पडतो. पण होडी डुलू लागली आणि मला नेमकी बुडत्या गलबताचीच कविता आठवली. नावाडी म्हणाला, "काका, दुसरं काही येत नाही का? माझी ही एकच होडी आहे." मग पहाटेची कविता घेतली, तर दुसऱ्या कडव्याला पोटात ढवळलं. ताई, ज्याला नुसतं बसायचं होतं तो होडीत आडवा, आणि जी पोहत होती ती विचारतेय, "बाबा, बरे आहात ना?"

असो, मुद्द्यावर येतो. (येरझाऱ्या घालणाऱ्याला मुद्दासुद्धा फिरूनच गाठावा लागतो.) किनारा दिसू लागला. वाळूवर ठिपक्यांएवढी तिची पोरं उड्या मारत होती. ती पाणी प्यायला होडीजवळ थांबली, आणि तिच्या टोपीतून एक बट निसटून डोळ्यावर चिकटली होती. आता, ताई, माझा जन्म गेला ओळीबाहेरचं अक्षर जागेवर आणण्यात. शिवाय ती शाळेत निघाली की दारात रोज मी तीच बट मागे सारायचो. सारली.

"आजोबा, हात!" बेडकी किंचाळली. पंचांनी घड्याळ खिशात घातलं. (सभ्य माणूस. माझ्याकडे न पाहता समुद्राकडे पाहत राहिला.) तुझी भाची तशीच तरंगत होती. म्हणाली, "बाबा, किनारा दिसत होता हो." एवढंच. मग वळली आणि उरलेलं सगळं अंतर, जे आता कुणीच हिशेबात धरणार नव्हतं, ते पोहून गेली. वाळूवर पोरं ओरडली, नाचली. बेडकीने उतरून सांगितलं तेव्हा सगळी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच समुद्र सांडून ठेवलाय. तुझी भाची टॉवेल गुंडाळत त्यांना म्हणाली, "बघता काय? उद्या तलावावर वेळेवर या. पुन्हा जायचंय."

हवा निवळली की ती पुन्हा जाणार. होडीत कोण कोण, ते ठरलंय. त्यात मी नाही. माझ्याशी बोलते नेहमीसारखीच, चहाही पुढे करते. पण बेडकीने परवा येऊन माझ्याकडून सगळ्या कविता फोनमध्ये भरून नेल्या. माझा आवाज जाणार, ताई, आणि मी घरी!

भाऊजींना म्हणावं, खोकताना उठून बसा. तुझ्या गुडघ्याला जप.

तुझाच,
भाऊ

ता. क. हे पत्र मी सहज, खुशालीपुरतं लिहिलं आहे. तरी सवड झाली तर भाचीला एक फोन कर. ती माझं नाही, तुझं ऐकते. म्हणावं, त्याला घे होडीत, हवं तर हात बांधून.

आणखी एक ता. क. त्यासाठी लोकरीचे हातमोजे विणून पाठव. बोटं नसलेले, पिशवीसारखे, एकमेकांना दोरीने जोडलेले. रंग कुठलाही.

शेवटचा ता. क. पाकीट शोधण्यात दोन दिवस गेले, तेवढ्यात सगळं बदललं. फोन करू नकोस. आज सकाळी तिने ती लांब काठी माझ्यापुढे धरली. म्हणाली, "बाबा, ही दोन्ही हातांनीच धरावी लागते." बेडकी फिदीफिदी हसली. तलावावर सराव केला. पहिला पेला रखवालदाराच्या डोक्यावर, दुसरा पाण्यात, तिसरा तिने झेलला. पेला काठीवरून सुटला तशी काठी एकदम हलकी झाली, ते माझ्या दोन्ही हातांना कळलं. बट डोळ्यावर आलेलीच होती. मी काठी घट्ट धरून नुसता बघत राहिलो. तिने पाणी संपवलं, पेला सोडला, त्याच हाताने बट मागे सारली आणि निघाली.

मोजे नकोत, लोकरीवरून काठी सटकते. पोट ढवळण्यावरचं औषध मात्र लगेच पाठव.