धोंडूच्या बाटल्या आणि राही सिस्टर

वेळणेश्वर,
१९ मे २००१

ती. भाऊसाहेबांना परशुरामाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि डोंबिवलीचं पाणी, तिन्ही ठीक असावीत.

इकडे मंगळवारी सकाळी आमच्या बागेची राखण करणारा धोंडू जुलाब-उलट्यांनी आडवा झाला. डोळे खोल गेलेले, हात गारठलेले. "मास्तर, माजा काय खरा नाय," म्हणाला. त्याला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेला. कुठली बाटली लावायची ते मी वाटेतच ठरवलं होतं. (बत्तीस वर्षं भूगोल शिकवला की माणसाला सगळंच कळतं.) दारातूनच ओरडलो, "ग्लुकोज लावा! ती पिवळी!"

तिथे राही नावाच्या सिस्टर आहेत, वयाने जेमतेम पंचविशीच्या. धोंडूची शीर शोधत, मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, रंग बघून घेतात ते सरबत." डॉक्टरांनी नाडी बघून 'आरएल' नावाची बाटली सांगितली मात्र, बाईंनी दोन्ही हातांना सुया लावून दोन बाटल्या धो-धो सोडल्या. मी सुई बघून खाली बसलो. बसलो म्हणजे पडलो.

शुद्धीवर आलो तो खाटेवर. म्हटलं, आता मलाही एक लावा. तर राही सिस्टरनी हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला दिला! "तोंड एवढं चालतंय, मग शिरेतून कशाला?"

नंतर त्यांनीच समजावलं. नुसतं साखरेचं पाणी धोंडूच्या शिरांत टिकलं नसतं. अंगातून जे क्षार वाहून गेले, तसलेच आरएलमध्ये असतात. साधं सलाईन आणखी वेगळं. शेजारच्या खाटेवर येसूबाई होत्या, हृदय कमजोर, म्हणून त्यांची बाटली थेंब थेंब चाललेली. मला दया आली. त्यांच्या नळीचं चाक जरा मोकळं करायला हात नेला, तोच राही सिस्टरनी मनगट धरलं. "छातीत पाणी भरेल त्यांच्या." आवाज चढला नाही, उलट खाली आला. भाऊसाहेब, शाळा तपासायला साहेब आले तेव्हाही मला एवढा घाम फुटला नव्हता.

मग मला काम मिळालं: धोंडूला लघवी झाली की सांगायचं. (अंगात पाणी पुरेसं गेल्याची ती खूण.) घड्याळ धरून बसलो. दोन चाळीसला झाली! मी वॉर्डभर ओरडत सुटलो, येसूबाईंनी हात जोडले. राही सिस्टर हसल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या. इतकं शहाणं माणूस मी आमच्या स्टाफरूममध्येही पाहिलं नाही.

धोंडू परवा घरी आला. बाकी क्षेम.

आपला,
परशुराम

ता. क. आमची सौ. उमा तुमच्या ऋजुताच्या बाळंतपणाला तिकडे आणखी महिनाभर राहणार असं कळलं. कृपया तिला या आठवड्यातच पाठवा.

ता. क. दुसरा. कारण तिला सांगू नका. शनिवारची फणसाची भाजी मी सोमवारी दुपारी धोंडूला वाढली होती. सर्दीने मला वास कळला नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो "आठवत नाय" म्हणाला; माझं नाव घेतलं नाही. मीच शेवटी कबूल केलं. आज मात्र मी चूल पेटवताना दिसलो आणि तो बागेच्या दगडी गडग्यावरून उडी टाकून पळाला. प्रकृती चांगलीच सुधारली आहे.